जीव कुणावर जडावा?

यवतमाळहून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात उतरलं की भाषा लगेच बदलत नाही. बेला, जैनद या भागांत मराठी घरं आहेत, पोळा आहे, विठोबा आहे. त्याच मुलखात तेलुगू घरं आहेत, दखनी बोलणारी मुसलमान घरं आहेत. थोडं आत गेलं की गोंडांचे गुडे, कोलामांच्या वस्त्या, लंबाड्यांचे तांडे लागतात. इथे एकच प्रश्न घरोघरी विचारून पाहावा: तुमच्या मुलाने कुणाच्या मुलीशी लग्न केलेलं चालतं? मराठी कुणब्याच्या घरात मामाची मुलगी म्हणजे जवळजवळ हक्काची सून. आत्याची मुलगी आणायची म्हटली की म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. तेलुगू घरात मामाची आणि आत्याची दोघीही चालतात. अनेक जातींत थोरल्या बहिणीची मुलगीसुद्धा चालते. हे ऐकून मराठी माणूस कानावर हात ठेवतो, कारण त्याच्या लेखी भाची म्हणजे लेकच. मुसलमान घरात चुलत बहिणीशी निकाह होतो. मराठी आणि तेलुगू या दोन्ही घरांत तो पापाचा विचार. आणि गोंडाच्या घरी उत्तर द्यायच्या आधी तुमचं आडनाव विचारलं जातं.

म्हणजे एका घरात जी बहीण, ती पलीकडच्या घरात होणारी बायको. बावीस वर्षांचा मुलगा बाजारात एखाद्या मुलीकडे पाहतो तेव्हा ती त्याला नेमकी कोण म्हणून दिसते, हे त्याच्या जन्माआधी ठरलेलं असतं. प्रेमाला समाजाचा विरोध होतो ही गोष्ट आपण शेकडो सिनेमांतून पाहिली आहे. समाज त्याच्याही आधी एक काम करून ठेवतो: मन कुणाकडे ओढ घेईल याच्या वाटा तो आखून देतो, आणि त्या इतक्या खोल आखतो की माणसाला ती आपलीच आवड वाटते. हे पुस्तक त्या आखलेल्या वाटांविषयी आहे, आणि त्या सोडून रानात शिरलेल्या माणसांविषयीही.

पुस्तकाचा मुलूख म्हणजे जुना, अखंड आदिलाबाद जिल्हा. निजामाच्या राज्यात 1905 साली तो पूर्ण जिल्हा झाला. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके त्यातून निघाले. आज ते महाराष्ट्रात, नांदेड आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. 2016 साली उरलेल्याचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, निर्मल आणि मंचेरियाल. सीमा सरकल्या, सोयरिकी सरकल्या नाहीत. किनवटची लेक आदिलाबादेत आणि राजुऱ्याची आसिफाबादेत नांदते आहे. दोन राज्यांच्या वहिवाटी एकाच चुलीपाशी बसलेल्या जिथे दिसतात, अशा जागा महाराष्ट्राच्या कडेकडेला बऱ्याच आहेत. इतक्या भाषा आणि इतक्या नातेपद्धती एकत्र असलेली जागा मात्र मला दुसरी ठाऊक नाही.

या मुलखाच्या नद्यांकडे पाहिलं तरी विषय किती जुना आहे ते कळतं. दक्षिणेच्या अंगाने गोदावरी वाहते. तिच्याच काठी, वर पैठणला, सातवाहनांच्या काळात हालाने गाथासप्तशती संकलित केली असं परंपरा मानते. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत शेतं आहेत, नदीकाठचे संकेत आहेत, प्रवासाला गेलेले नवरे आहेत, आणि आपली इच्छा स्वतःच्या तोंडाने बोलणाऱ्या बाया आहेत. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत आणली, तेव्हा अनेक वाचकांना आपल्याच घरातली जुनी पेटी उघडल्यासारखं झालं असणार. ईशान्येच्या अंगाने वाहते वर्धा. तिच्या काठावर, अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. घरच्यांनी शिशुपालाशी ठरवलेलं लग्न मोडण्यासाठी रुक्मिणीने कृष्णाला पत्र पाठवलं आणि त्याच्या रथातून ती निघून गेली. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदाइसेने या लग्नाचे धवळे रचले, नरेंद्राने काव्य रचलं, सोळाव्या शतकात एकनाथांनी रुक्मिणीस्वयंवर लिहिलं. लग्न जुळावं म्हणून मुलींकडून एकनाथांच्या या ग्रंथाचं पारायण करून घ्यायची रीत आजही आहे. घरच्यांनी ठरवलेला नवरा नाकारून आपण निवडलेल्या माणसाबरोबर गेलेल्या मुलीची ही कथा, आईबाप आपल्या लेकीचं लग्न ठरावं म्हणून तिच्याकडून वाचून घेतात. आपल्या संस्कृतीने प्रेमाला देव्हाऱ्यात जागा दिली, अंगणात दिली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. या विषयाकडे जाणारी पहिली खूण म्हणून लिहितो आहे.

दुसरी खूण शब्दांत आहे. मराठीत जीव लावणं आणि जीव जडणं आहे, माया आहे, लळा आहे. यांतलं बहुतेक सगळं लेकरावर, बैलावर, गावावरही चालतं. दोन तरुण माणसांच्या बाबतीत मात्र गावची भाषा एकदम बदलते. सूत जुळतं, नाद लागतो, भानगड होते, लफडं होतं. मुलगी पळून जाते. पोलिसांच्या कागदावर मात्र तिला पळवून नेलेली असते. पहिल्या वाक्यात कर्ती ती असते, दुसऱ्यात ती कर्म होते, आणि पुढचं सगळं प्रकरण या एका प्रयोगावर अवलंबून असतं. याउलट ‘पसंती’ हा शब्द पाहा. कांदेपोह्यांच्या ताटासमोर विचारलेल्या ‘पसंत आहे का?’ या प्रश्नात इच्छेला थोडी जागा आहे, पण ठरलेल्या चौकटीत. तेलुगू घरात त्याच क्षणी ‘इष्टं’ आहे का असं विचारतात. आणि मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी, सगळ्याच घरांत आता एक शब्द समान झाला आहे: लव मॅरेज. शब्द बाहेरून आला याचा अर्थ भावना बाहेरून आली असा होत नाही. त्या भावनेतून लग्न करणं हा एक वेगळा, नाव देण्याजोगा प्रकार ठरला, एवढाच त्याचा अर्थ.

भावना बाहेरून आली की नाही, हाच या अभ्यासक्षेत्रातला सर्वात जुना वाद. स्विस लेखक देनी द रूज्मों याने 1939 साली मांडलं की जिला आपण उत्कट प्रेम म्हणतो ती बाराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्सच्या गायक-कवींची घडण आहे. या मताचा युरोपात फार दरारा होता. त्याच्या आधी हजारभर वर्षं गोदावरीकाठी काय गायलं जात होतं याचा त्यात हिशेब नाही, म्हणून मला ते अपुरं वाटतं. 1992 साली विल्यम जँकोविआक आणि एडवर्ड फिशर या मानवशास्त्रज्ञांनी 166 समाजांची नोंद तपासली आणि 147 समाजांत रोमँटिक प्रेमाचा पुरावा आढळल्याचं दाखवलं. तेव्हापासून ‘प्रेम हा पाश्चात्त्यांचा शोध’ हे म्हणणं मागे पडलं. पण पुरावा असणं एक आणि त्या प्रेमाला जागा असणं दुसरं. त्याच वर्षी अँथनी गिडन्स याने आधुनिक समाजात नातं हे नात्यासाठीच टिकवलं जाऊ लागल्याचं मांडलं, आणि पुढे इव्हा इलूझ हिने बाजार आणि जाहिरात प्रेमाच्या कल्पनेत कसे शिरले ते दाखवलं. ही दोघं मोलाची आहेत, पण त्यांचा माणूस एकटा राहतो. आमच्या माणसाला मामा असतो.

म्हणून मला विल्यम गूड हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जास्त जवळचा वाटतो. 1959 सालच्या एका निबंधात त्याने साधा प्रश्न विचारला: प्रेम इतकं खाजगी असेल तर प्रत्येक समाज त्यावर एवढा पहारा का ठेवतो? त्याचं उत्तर असं की लग्नाने मालमत्ता, वंश आणि प्रतिष्ठा यांची गाठ बांधली जाते. ती गाठ दोन तरुणांच्या मर्जीवर सोडणं कुठल्याच कुळाला परवडत नाही. मग बालविवाह येतो, कोण चालेल याचे नातेनियम येतात, मुलामुलींना वेगळं ठेवणं येतं, सोबत पाठवणं येतं. आणि जिथे मोकळीक दिसते तिथेही आईबाप मुलांची संगत निवडून देतात.

पण हाच धागा त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी एका मराठी माणसाने पकडला होता. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की जातीचा प्राण रोटीत किंवा धंद्यात शोधू नये. जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत तो आहे. सती, विधवेवरची सक्ती, बालविवाह ही ती सक्ती टिकवण्याची साधनं. 1936 च्या ‘जातिनिर्मूलन’ या पुस्तकात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला. भारतात प्रेमाच्या समाजशास्त्राची सुरुवात मी इथून धरतो. या पुस्तकातल्या अनेक लेखांच्या तळाशी तो निबंध आहे, जिथे त्याचं नाव आलेलं नाही तिथेही.

इरावती कर्व्यांनी 1953 साली भारताचे नातेसंबंधांनुसार विभाग पाडले आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून दाखवलं. उत्तरेत मामेबहीण म्हणजे बहीणच. दक्षिणेत मामा-आत्याची मुलं ही जन्मापासूनची जोडीदार. तेलुगूतल्या ‘बावा’ आणि ‘मरदलु’ या शब्दांत नातंही आहे, थट्टाही आहे आणि ओढही आहे. मराठी माणूस अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. नकाशावर कर्व्यांच्या मधल्या आणि दक्षिण पट्ट्यांमधली रेघ जिथून जाते तिथेच आदिलाबाद आहे, आणि रेघेवर राहणाऱ्या माणसांना दोन्हीकडचे नियम तोंडपाठ असतात.

आता गोंडांकडे येऊ. या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण गैरसमज इथेच सर्वात जास्त आहेत. 1940 साली जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड पुढारी कुमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला या डोंगरातल्या माणसांची दखल घ्यावी लागली. व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह मारलवाईला येऊन राहिले. गोंडी मुलांसाठी शाळा निघाल्या, देवनागरीत गोंडी वाचनमाला छापली गेली. 1948 साली त्यांचा ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा इंग्रजी ग्रंथ आला. हैदराबाद संस्थानात अधिकारी असलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच सुमारास गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनीही इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मराठी वाचक पगडींना शिवकाळासाठी ओळखतात. त्यांचं हे काम फारसं कुणी वाचत नाही, याची खंत वाटते.

गैरसमज असा. 1947 साली व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. अविवाहित मुलामुलींनी एकत्र राहण्याची ती संस्था जगभर गाजली, आणि शहरी वाचकाने सगळ्या आदिवासींना ‘मुक्त प्रेमा’चा शिक्का मारला. आदिलाबादच्या गोंडांत घोटुल नाही. इथे सगा आहे. येरवेन, सारवेन, सिवेन, नालवेन, म्हणजे सात, सहा, पाच आणि चार भावांचे असे चार सगे; प्रत्येक सग्यात अनेक कुळं. आपल्या सग्यातली मुलगी शंभर कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या गावची असली तरी ती बहीण. उटनूरच्या वसतिगृहात नवी मुलगी आली की आधी आडनाव कळतं, मग नाव. मेश्राम, आत्राम, सिडाम, पेंदूर या शब्दांतून मन पुढे जायचं की तिथेच थांबायचं हे कळतं. शहरातल्या जातीचा नियम माणसाला आत बंद करतो, आपल्यातलीच कर म्हणतो. सग्याचा नियम बाहेर ढकलतो, आपल्यातली करू नको म्हणतो. गोंडाला हे दोन्ही नियम एकदम पाळावे लागतात: सग्याबाहेर, पण गोंडांतच.

या चौकटीत मोकळीक नव्हती असं मात्र नाही. दिवाळीच्या दिवसांत दंडारीचे ताफे गावोगाव जातात, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात. मारलवाईचेच कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. पाहुणचाराच्या त्या रात्रींत एका गावाची तरुण पोरं दुसऱ्या गावाच्या नजरेस पडतात. मुलगा-मुलगी आपल्या मनाने निघून गेली तर पंचांपुढे बसून दंड, जेवण आणि मुलीच्या घरी द्यायचं देज ठरवून त्यांना घरात घ्यायची वाट होती. आजही राय सेंटर नावाच्या पंचायतींपुढे असे तंटे येतात. निघून जाणं हा इथे गुन्हा होता, पण त्याचा शेवट पंगतीत होऊ शकत होता. मराठी गावांत ही वाट सहसा दिसत नाही.

आणि केसलापूरचा नागोबा. पौष अमावस्येच्या जत्रेत मेश्राम कुळाच्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या, चेहरा झाकलेल्या त्या बाया रात्री देवापुढे जातात. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत बसू शकतात. नवऱ्याने निवडली, घरच्यांनी मान्य केली, तरी देवाने ओळखल्याशिवाय ती कुळाची होत नाही. इथे लग्न दोघांचं नसतं, दोन घरांचंही नसतं; मेलेल्या पूर्वजांनाही त्यात मत असतं. बाहेरून हे बंधन वाटतं. पण आपली रीतसर ओळख करून दिली जावी, ही माणसाची ओढ त्यात आहे, आणि पळून लग्न केलेल्या कुठल्याही शहरी जोडप्याला ती समजेल.

गोंडांच्या या कथा गाणारे परधान घरी मोठ्या प्रमाणात मराठी बोलतात आणि किकरी या तंतुवाद्यावर गोंडीत गातात. एका भाषेत संसार, दुसऱ्या भाषेत स्मृती. प्रेमाची भाषा त्यांच्याकडे कोणती, हा प्रश्न पुस्तकात विचारला आहे. माझ्या मते इथला तो सर्वात सुंदर प्रश्न आहे.

आधुनिक साहित्याबद्दल इथे लांबण लावत नाही. तेलुगूत चलम यांची ‘मैदानम’ आणि मराठीत विभावरी शिरूरकरांचे 1933 चे ‘कळ्यांचे निःश्वास’ एवढी दोन नावं पुरेत: दोन्ही भाषांत, साधारण एकाच काळात, बाईच्या इच्छेला शब्द फुटला आणि दोन्हीकडे गदारोळ झाला. सीमेवरच्या माणसाला ही दोन्ही पुस्तकं आपलीच आहेत.

हे सगळं आज का वाचायचं? लॉरा अहर्न या अभ्यासिकेने नेपाळमधल्या एका मगर गावावर 2001 साली पुस्तक लिहिलं. तिथेही मामाच्या मुलीशी लग्नाची रीत. साक्षरता आली, मुली लिहू लागल्या, प्रेमपत्रं सुरू झाली आणि पळून जाऊन केलेली लग्नं वाढली. त्या पुस्तकातली एक गोष्ट मला विसरता येत नाही: स्वतःच्या मनाने गेलेल्या मुलीचा संसार मोडला तर माहेर म्हणतं, तूच निवडलंस. ठरवून दिलेल्या लग्नात निदान भांडायला येणारे भाऊ असतात. आदिलाबादेत पत्राची जागा मोबाइलने घेतली आहे. आश्रमशाळा, महाविद्यालयं, कापसाच्या हंगामातली मजुरी यांनी वेगवेगळ्या जातीजमातींची पोरं एकत्र आणली आहेत. निवड करण्याची साधनं आली. निवडीनंतरचा आधार आला नाही. त्याच वेळी ज्या समाजांत मुलीच्या घरी देज द्यायची रीत होती त्यांत हुंडा शिरतो आहे, म्हणजे सून आणताना देणारं घर आता घेणारं होत आहे. मुलीच्या पसंतीचं वजन यात कमीच होतं.

कायद्याकडे पाहिलं तरी हीच गुंतागुंत. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही. त्यांच्या रूढी चालतात. 1954 चा विशेष विवाह कायदा जातिधर्माच्या पलीकडच्या जोडप्यांसाठी, पण त्याने मामेबहिणीला निषिद्ध यादीत घातलं होतं. 1963 साली रूढीचा अपवाद जोडला गेला. आणि त्याच कायद्याची तीस दिवसांची जाहीर नोटीस, लपून राहणाऱ्या जोडप्याचा पत्ता भिंतीवर लावते. ही अट रद्द झाली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. जातीबाहेरच्या लग्नांचं प्रमाण 2011-12 च्या भारत मानवविकास पाहणीत पाच टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खापपंचायतीने ढवळाढवळ करणं बेकायदा ठरवलं. निकाल आला तरी रात्री दार वाजलं की अशा जोडप्यांच्या घरातली माणसं अजून श्वास रोखतात.

पुस्तकाची रचना तक्त्यासारखी केलेली नाही. एका जमातीवर एक प्रकरण असं लिहिलं असतं तर प्रत्येक समाज आपापल्या कुंपणात बसला असता आणि सीमेवरचा मुलूखच हरवला असता. त्याऐवजी नात्याचे शब्द, जत्रा, बाजार, वसतिगृह, पंचायत, न्यायालय अशा जागा धरून लेखन पुढे जातं. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं आणि गावं बदलली आहेत, काही ठिकाणी नातंही बदललं आहे. अशा विषयात माणूस ओळखू आला तर त्याची किंमत त्याला मोजावी लागते. पुस्तकातली उणीवही सांगतो. बायांशी बोलणं पुरुषांइतकं झालेलं नाही. कोलामी जाणणारं कुणी सोबत नसल्याने कोलामांचा भाग तोकडा आहे. समलिंगी प्रेमाबद्दल फार थोडं आलं आहे, कारण त्याबद्दल बोलायला या गावांत अजून सुरक्षित जागा नाही.

मारलवाईला हायमेनडॉर्फ दांपत्याची समाधी आहे. बेटी 1987 साली गेल्या, ख्रिस्तोफ 1995 साली. ख्रिस्तोफ यांच्या अस्थी पुढे इथे बेटींजवळ आणल्या गेल्या. सग्याबाहेरची, कुळाबाहेरची, समुद्रापलीकडची ही दोन माणसं, पण गाव त्यांची पुण्यतिथी पाळतं.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्या घरात कोणाकोणाशी लग्न चालतं, कोणाशी चालत नाही, ते आजीला, आत्याला, मावशीला विचारून लिहून काढा. त्यांचं स्वतःचं लग्न कसं ठरलं तेही विचारा, आणि त्यांना कुणी विचारलं होतं का, तेही.